श्वानाचा तोल: काही सौम्य व्यायाम

भवानीपूर, श्यामबाजार यांसारख्या कोलकात्याच्या जुन्या वस्त्यांतील घरांची लाल सिमेंटची जमीन ही त्या शहराची एक ओळख होय. वर्षानुवर्षे पुसून तिला आरशासारखी झळाळी आलेली असते. घरात दहा-बारा वर्षांचा कुत्रा असल्यास मात्र हीच झळाळी त्याला जाचक ठरते. उठताना मागचे पाय फाकतात, वळताना तो घसरतो आणि एक-दोनदा पडल्यावर कोपऱ्यातून उठणेच टाळू लागतो. घरची मंडळी ‘आता वय झाले’ असे म्हणून विषय संपवितात. वास्तविक तो तेथून सुरू व्हावयास हवा.

तोल राखण्याचे काम केवळ स्नायूंचे नाही. डोळे, अंतर्कर्णातील संतुलनाचे इंद्रिय आणि पंजे, सांधे व स्नायूंकडून मेंदूकडे अखंड जाणारे संदेश या तिहींच्या मेळातून तो साधतो. आपला पाय कोठे आहे हे न पाहता कळणे, ही यातील तिसरी जाणीव. वार्धक्यात ती मंदावू शकते. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. मागचे पाय दुबळे झाले की तो पुढे अधिक झुकून वेळ मारून नेतो आणि वापराअभावी मागचे पाय आणखी क्षीण होतात. धावताना गतीच त्याला सावरून धरते, त्यामुळे उणीव दिसत नाही. सावकाश चालताना मात्र प्रत्येक पाऊल स्वतंत्रपणे टाकावे लागते. म्हणूनच संथपणा हा या व्यायामांचा गाभा आहे. मैदानावर चेंडूमागे पळवून ते साधत नाही.

प्रथम पायाखालची जमीन पाहावी. बंगाली घरातील मादुर चटई सुंदर खरी, पण गुळगुळीत जमिनीवर ती सरकते. रबरी अस्तराची जाड चटई उत्तम. वाढलेली नखे व पंजाच्या गाद्यांमधील केस कापलेले असावेत.

प्रारंभ उभे राहण्यापासून करावा. कुत्रा चारही पायांवर नीट उभा असता त्याच्या खांद्यावर, मग कमरेवर तळहाताने अगदी हलका दाब द्यावा. तो सावरून उभा राहिला की दाब काढावा. नंतर खाऊचा तुकडा नाकापासून खांद्याकडे आणि पुढे कमरेकडे न्यावा. मान वळावी, पाय हलू नयेत. हे जमू लागल्यावर एकेक पाय दोन-तीन सेकंद उचलून धरावा.

सर्वांत गुणकारी व्यायाम काठ्यांचा. घोड्यांच्या शिक्षणातून आलेल्या या पद्धतीत चार-पाच काठ्या कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीइतक्या अंतराने जमिनीवर समांतर ठेवतात आणि त्याला पट्ट्याने धरून सावकाश त्या ओलांडावयास लावतात. प्रत्येक वेळी पाय उचलावा लागतो, कोठे टेकवायचा हे ठरवावे लागते. कित्येक कुत्रे पुढचे पाय नीट उचलतात आणि मागचे विसरतात! काठीला पाय लागल्यास रागावू नये. काठी सुटी असावी, म्हणजे ती घरंगळते व इजा होत नाही. उंची वाढविण्याची घाई नको. पुढे दोन बादल्यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे फेऱ्या आणि दोन-तीन पावले मागे चालणे यांची भर घालता येते. मऊ गादीवर उभे करावयाचे तर ती सपाट असावी. कोलबालिश, म्हणजे बंगाली लोड, गोल असल्याने फिरतो, तो वापरू नये.

दिवसातून दोनदा पाच मिनिटे पुरेत. कोलकात्याच्या दमट उन्हाळ्यात पहाटेची वेळ निवडावी, कारण धापेवाटे अंग थंड करणाऱ्या प्राण्याला दमट हवेत ते कठीण जाते. पाय थरथरू लागले की थांबावे.

मान एकाएकी एका बाजूस कलणे, बुबुळे सतत हलणे किंवा पंजा उलटा घासत चालणे ही लक्षणे दिसल्यास व्यायाम बंद करून पशुवैद्यांना दाखवावे. १८९३ साली स्थापन झालेल्या बंगाल व्हेटर्नरी कॉलेजमुळे बेलगाछिया हे नाव कोलकात्यात पशुवैद्यकाशी कायमचे जोडले गेले आहे. तपासताना पशुवैद्य उभ्या कुत्र्याचा पंजा हलकेच उलटा टेकवितात. त्याने तो तत्काळ सुलटा केला नाही, तर दोष मज्जासंस्थेत असण्याची शक्यता असते आणि मग व्यायामाआधी उपचार ठरवावे लागतात.