हसू, हसे आणि शाबासकी

मंडळी, राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, ते तुम्ही पाहिलेच असेल. डांगी बैल म्हणजे आपल्या डोंगराचा धनी. अंगावर काळे-पांढरे ठिपके. कातडी तेलकट, म्हणून धो धो पावसातही पाणी अंगावरून निथळून जाते. अशा बैलापुढे लोक काय बोलतात, ते जरा कान देऊन ऐका. म्हातारबा म्हणतात, "भले शाब्बास!" त्यांचा नातू म्हणतो, "एक नंबर!" तिसरा कोणी म्हणतो, "चँपियन आहे गड्या, चँपियन!"

बैल एकच. कौतुकाचे शब्द मात्र तीन घरचे. 'भले' आपले. 'शाबास' फारसीतून आले. 'शाद बाश' म्हणजे 'आनंदात राहा'. त्याचेच झाले शाबास, आणि जोर देऊन म्हटले की शाब्बास. म्हणजे शाबासकी हा मुळात आशीर्वादच आहे! 'नंबर' आणि 'चँपियन' हे इंग्रजी. चँपियन म्हणजे सगळ्यांना मागे टाकणारा.

इंग्रजीतले कौतुक आपल्याकडे नाटकाच्या मांडवातूनही शिरले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. पुढे संगीत नाटकांचा मोठा जमाना आला. गाणे आवडले की प्रेक्षक ओरडायचे, "वन्स मोअर!" म्हणजे 'पुन्हा एकदा'. बालगंधर्वांनी असे कितीतरी वन्स मोअर घेतले. गंमत अशी, की खुद्द इंग्रज माणूस अशा वेळी वन्स मोअर म्हणत नाही. तो 'एन्कोर' म्हणतो, आणि तो शब्द फ्रेंच! म्हणजे कौतुकाचा शब्द उसना घेणारे आपण एकटेच नाही. तमाशात तर शब्दच नको. रुपया पुढे केला की झाले. त्याला दौलतजादा म्हणतात.

आता घरातली गोष्ट. मुलांच्या वहीवर बाई-गुरुजी लाल शाईने शेरा मारतात. 'गुड' म्हणजे चांगले. 'व्हेरी गुड' म्हणजे फार चांगले. 'एक्सलंट' म्हणजे उत्तम. 'फेअर' म्हणजे ठीक, बेताचे. (फेअर म्हणजे गोरा असाही अर्थ आहे, पण वहीचा रंगाशी काही संबंध नाही.) आणि एक शेरा आहे 'पुअर'. हा नीट समजून घ्या. समजा, एका घरी असे बोलणे झाले:

"आये, बाईंनी वहीवर पुअर लिवलंय."

"म्हंजे काय रं?"

"पुअर म्हंजे गरीब."

"आपली गरिबी काय वहीवर लिवायची? उद्यापासनं जाऊ नको त्या शाळंत."

पोराने अर्थ खोटा सांगितला नाही. पुअर म्हणजे गरीब हे खरेच. पण वहीवर त्याचा अर्थ 'कच्चे' असा होतो. गणित कच्चे आहे, एवढेच बाईंचे म्हणणे. एका शब्दापायी पोराची शाळा सुटायची वेळ आली. अशा वेळी वही घेऊन सरळ शाळेत जावे आणि विचारावे, "बाई, याचा अर्थ काय?" विचारण्यात लाज नाही. आणि खरे सांगायचे तर, असा शेरा मराठीतच लिहावा. आईबापांना वाचता येईल.

इंग्रजाची आणखी एक खोड. त्याला एखादी गोष्ट आवडली, तरी तो कधीकधी 'नॉट बॅड' म्हणतो. शब्दाला शब्द लावला तर 'वाईट नाही'. पण मनात असते 'चांगले आहे'. आपली सासूबाई भाकरी खाऊन "बरी झाली" म्हणते ना, तसेच!

काही बोलणी दोन्हीकडे सारखी. आपण पाठ थोपटतो, इंग्रजही पाठच थोपटतो. आपण लोणी लावतो, तोही 'बटर' लावतो. मस्का म्हणजेही लोणीच. पण हरभऱ्याच्या झाडावर चढवणे हे आपलेच. हरभऱ्याचे रोप ते केवढे? गुडघ्याएवढेही नाही. त्यावर कोणी चढवले तर पडायला वेळ लागणार नाही. "दादा, तुमच्यासारखा दिलदार माणूस पंचक्रोशीत नाही," असे म्हणत कोणी कागद पुढे केला, तर आधी कागद वाचा. दिलदारी मग पाहू.

आता हसण्याकडे वळू. मराठीत हसण्याच्या किती तऱ्हा! मूल खुदकन हसते. टवाळ पोरे फिदीफिदी हसतात. सोंगाड्या आला की मांडव खदाखदा हसतो, माणसांची मुरकुंडी वळते. नवी नवरी गालातल्या गालात हसते. इंग्रजीत साध्या हसण्याला 'लाफ' आणि नुसत्या ओठांच्या हसण्याला 'स्माइल' म्हणतात. चोरून हसण्याला तो 'बाहीत हसणे' म्हणतो. आपल्या बाया पदराआड हसतात, तसा तो बाहीआड.

आता पाटीवर दोन शब्द लिहा: हसू, हसे. फरक किती? एका खुणेचा. खालचा उकार गेला, वर मात्रा आली. पण 'हसू झाले' म्हणजे सगळे मिळून हसले, आणि 'हसे झाले' म्हणजे एकाला सगळे हसले. तसेच 'नाव ठेवले' आणि 'नावे ठेवली'. पहिले बारशाला, दुसरे पाठीमागे. बाजारात गिऱ्हाईक बैलाला नावे ठेवते, कारण त्याला किंमत पाडायची असते.

कौतुकाचा शब्द वाकडा करूनही माणसाला हसतात. 'बहाद्दर' हा किती मोठा शब्द! पण सही न येणाऱ्याला 'अंगठेबहाद्दर' म्हणतात, तेव्हा त्यात मान नसतो. प्रौढ वर्गाला येणाऱ्या पुष्कळांनी हा शब्द सोसलेला असतो. हसणाऱ्याचे काही जात नाही. ऐकणारा मात्र चार माणसांत कागद हाती घ्यायला कचरतो.

आणि पाहा, अंगठ्याचे नशीब कसे! मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे फसवणे, काही न देणे. इंग्रजीत अंगठा वर करणे, म्हणजे 'थम्स अप', ही शाबासकी. आता तीच खूण मोबाइलवर आली आहे. मुंबईला कामाला गेलेल्या मुलाने तुमच्या निरोपाखाली उभा अंगठा पाठवला, तर रागावू नका. तो म्हणतो आहे, "ठीक आहे, आवडले." डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे तोंड पाठवले, तर मात्र विचारा, "बाबा रे, हे हसू की हसे?"

पाटीवर लिहा: शाबास, गुड, कौतुक, हसू, हसे. मग आज घरी कोणाच्या एका चांगल्या कामाला शाबास म्हणाल, ते एका ओळीत लिहून आणा. खाली सही करा.