जूनच्या आधी घर भरून ठेव

कोल्हापूर
मे महिना

चि. सायलीस,


तुम्ही सगळे जूनच्या पहिल्या आठवड्यात इकडे राहायला येताय, याचा किती आनंद झाला ते फोनवर सांगितलंच. पण घरात काय काय भरून ठेवू असं मी विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, "मावशी, खालीच दुकान आहे, लागेल तसं आणू. एवढं भरून कशाला ठेवायचं?" पुण्यात तुझं तसं चाललं. फोनवरून सांगितलं की दूध-भाजी दारात येते, मग कोठीची गरजच काय, असं वाटणं साहजिक आहे. पण तू येते आहेस पंचगंगेच्या काठच्या गावात, आणि तेही पावसाळ्याच्या तोंडावर. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सासूबाईंनाही वाचून दाखव, त्यांना यातलं बरंच पटेल.

२०१९ च्या ऑगस्टमधला इथला पूर तू टीव्हीवर पाहिला असशील. बुडालेली घरं, होड्या, छपरांवर बसलेली माणसं. टीव्हीवर जे फारसं दिसलं नाही ते सांगते. गावाचा बराच भाग उंचावर आहे, तिथे पुराचं पाणी आलंच नाही. आमची गल्लीही कोरडी होती. पण शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी चढलं आणि रस्ता जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. बाकीच्या वाटाही एकेक करून पाण्याखाली गेल्या. भाजीच्या गाड्या येईनात, दुधाचं संकलन थांबलं, पेट्रोल अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवावं लागलं. त्यात शिंगणापूर, बालिंगा इथली पाणी उपसा केंद्रंच पुरात सापडली. नदी गावात शिरलेली आणि नळाला थेंब नाही, अशी गत झाली. ज्यांच्या उंबऱ्याला पाणी शिवलं नव्हतं, त्या घरांतल्या बायका कळश्या-बादल्या घेऊन टँकरमागे धावत होत्या. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, महामार्ग पुन्हा बंद पडला. तेव्हा आपला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, आपल्याला पुराचं काय, असं मनात आणू नकोस. पूर घरात आला नाही तरी तो दुकानापर्यंतची, गिरणीपर्यंतची, औषधांच्या दुकानापर्यंतची वाट अडवतो.

दुसरं एक आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा लोक पायात चप्पल अडकवून दुकानांकडे पळाले. ज्यांच्याकडे पैसे होते, गाडी होती, त्यांनी हाताला लागेल ते पोत्यानं उचललं. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या खिशात एका दिवसाचेच पैसे असतात. तो पोचला तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या, आणि जे उरलं होतं त्याचे भाव चढलेले. मेमध्ये शांतपणे भरलेला डबा कुणाच्या तोंडचा घास काढत नाही. तेव्हा बाजारात माल भरपूर असतो, तुझ्या पाच किलोंनी कुणाचं अडत नाही. पूर आल्यावर ओढून आणलेले पाच किलो मात्र कुणाच्या तरी वाट्याचे असतात. ज्यांना आधी भरणं परवडतं त्यांनी आधीच भरावं, म्हणजे अडचणीच्या दिवसांत दुकानातला माल ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्यासाठी राहतो. म्हणून या कामाला मी साठेबाजी मानत नाही. हे शेजारधर्माचं काम आहे.

आता पाण्याचं. सगळे आधी डाळ-तांदूळ मोजतात, मी तुला पाणी मोजायला सांगते. पिण्यासाठी नि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला चार लिटर धर. तुम्ही चौघं, म्हणजे सोळा लिटर. आठवड्याचं धरलं तर झाकणाचे वीस लिटरचे सहा कॅन लागतील. पाण्यासाठीच बनवलेले नवे कॅन घे, रसायनांचे धुऊन विकतात ते नकोत. उन्हात ठेवू नकोस आणि महिन्यानं ते पाणी झाडांना घालून ताजं भर. वापरायच्या पाण्यासाठी एक पिंप वेगळं, त्यावर घट्ट झाकण, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते. गच्चीवर टाकी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. वीज गेली की पंप बंद आणि टाकी दुसऱ्या दिवशी रिकामी. सोसायटीची जमिनीखालची टाकी पुराच्या पाण्यात आली, तर त्यातलं पाणी साफ करून घेईपर्यंत तोंडात घालायचं नाही. भिंतीवरचा फिल्टरही विजेवर चालतो. म्हणून गढूळ पाण्याला तुरटी फिरवायची, गाळ बसला की दुहेरी फडक्यातून गाळायचं, मग खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट ठेवायचं. तुरटीनं पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब घरात असू देत. प्रमाण वेष्टनावर लिहिलेलं असतं, तेवढंच घाल.

अन्नाचं सांगायचं तर सूत्र एकच, रोज जे खाता तेच जास्त ठेवा. पुरासाठी म्हणून वेगळं काही आणलं की ते माळ्यावर पडून खराब होतं. तांदूळ पाच किलो, मूगडाळ दोन किलो, जाडे पोहे दोन किलो, पिठं मिळून चार-पाच किलो, तेल, मीठ, गूळ, शेंगदाणे, चहा-साखर. एवढ्यात तुम्हा चौघांचे दहा दिवस अगदी नीट जातील. राजमा, छोले यांच्या भरवशावर राहू नकोस. ते भिजायला पाणी मागतात आणि शिजायला गॅस. मूगडाळ न भिजवता तांदळाबरोबर कुकरला लागते, वर तूप नि मेतकूट असलं की बाळही खातं.

पिठाचं जरा थांबून सांगते, कारण इथे नव्या मुलींची फसगत होते. कोठीत पन्नास किलो शाळू नि गहू आहेत म्हणून घर भरलेलं आहे असं समजायचं नाही. वीज गेली की गिरणी बंद, आणि धान्य नुसतं चावून खाता येत नाही. बरं, पीठ दळून दोन महिन्यांचं ठेवावं तर तेही जमत नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. मळताना हाताला कळतं, पीठ एकजीव होत नाही. थापायला घेतलं की कडेनं फाटत जातं आणि तव्यावर टाकताना मधोमध तुटतं. पावसाळी हवेत हे आणखी लवकर होतं. बाजरीचं पीठ तर काही दिवसांतच कडवट लागायला लागतं. म्हणून पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवसांचं दळून आणायचं, आणि नदीची पातळी चढते आहे असं कळलं की डब्यात पीठ असलं तरी पुढचं दळण त्याच दिवशी उरकून घ्यायचं. इथे सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. तिकडे राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आम्ही आधी गिरणी गाठतो. तूही हे आकडे पाठ करून ठेव.

चूल न पेटवता खाता येईल असंही काही हवं. पोहे नुसते भिजवून ताक-मीठ घालून खाता येतात. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवलं की पोटभर होतं. चुरमुरे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर ठेव. भडंग मी करून देईन, हवाबंद डब्यात तो चांगला टिकतो. कांदा-लसूण चटणी नुकतीच डंकावरून कांडून आणली आहे, तुझा डबा वेगळा काढलाय. भाजी नसेल त्या दिवशी चटणी, तेल नि भाकरी यावर इथली घरं पिढ्यान्पिढ्या जेवलेली आहेत. सांडगे, कुरडया, पापड ही उन्हाळी कामं हौसेची म्हणून तू हसतेस, पण ती मुळात याचसाठी होती, पावसात भाजी मिळणार नाही म्हणून. कोकणात आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, सुकी मासळी, आमसुलं, मीठ भरून घेतात, गोव्यात पुरुमेंत म्हणतात तेही हेच.

धान्याला कीड लागू नये म्हणून तूरडाळीला एरंडेलाचा हात लाव, गव्हात कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घाल. पण एक गोष्ट अगदी निक्षून सांगते. गोदामात धान्याला लावतात त्या विषारी धुरीच्या गोळ्या कुणी कितीही आग्रहानं दिल्या तरी घरात आणायच्या नाहीत. दमट हवेत त्यांतून वायू सुटतो, आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावतात. लहान मूल असलेल्या घरात तर त्यांचं नावही नको.

सिलिंडर दोन हवेत, आणि एक संपला की त्याच दिवशी दुसऱ्याची नोंदणी. इंडक्शनच्या शेगडीवर भिस्त ठेवू नकोस. टॉर्च, सेल, भरलेली पॉवर बँक, काड्यापेट्या प्लॅस्टिकच्या डब्यात, आणि सेलवर चालणारा छोटा रेडिओ. मोबाइलचे मनोरे बंद पडले की आकाशवाणीच कामी येते. सुट्या नोटा थोड्या घरात ठेव, कारण वीज आणि नेटवर्क नसेल तेव्हा भाजीवाली कोड स्कॅन करून पैसे घेऊ शकणार नाही.

सासूबाईंच्या औषधांबद्दल जावईबापूंशी बोल. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या पावसाळाभर नेहमी महिन्याच्या शिलकीत असाव्यात, आणि चिठ्ठीची एक प्रत बरोबर. इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, फ्रिज बंद पडला तर काय करायचं हे त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव. सावलीत ठेवलेल्या ओल्या माठात कुपी घट्ट पिशवीत घालून गार ठेवता येते, पण त्यांच्या औषधाला ते चालेल का हे डॉक्टरच सांगतील. बाळासाठी दूध पावडर, तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं. पाकिटं संपली तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चमचे चहाचे. याहून मीठ जास्त नको. पुराच्या पाण्यातून कुणी चालून आलं तर पाय साबणानं धुवायचे, पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिस टाळायची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायची.

सामान कुठे ठेवायचं हेही तितकंच महत्त्वाचं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. हळद त्यांत वर्षानुवर्षं सुखरूप राहायची, आणि २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यांतली कितीतरी निकामी झाली. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा तळमजल्यावरची घरं नि बाजारपेठेतली दुकानं भरल्या मालासकट गेली. तू वर राहतेस, पण तुमच्या इमारतीत तळमजल्यावर बिऱ्हाडं आहेत. आल्या आल्या त्यांची ओळख करून घे आणि सांगून ठेव, पाणी वाढायला लागलं तर तुमचे डबे नि कागदपत्रं आमच्याकडे वर आणा. पुराच्या पाण्याला लागलेलं धान्य वाळवून वापरायचा मोह बायकांना होतो, जीव तुटतो तो. तरीही ते टाकायचंच. त्या पाण्यात गटारं मिसळलेली असतात. नुसतं झाकण दाबून बसवलेल्या डब्यात पाणी गेलं असेल, तर त्यातलंही टाकायचं.

हे सगळं एका दिवसात आणू नकोस. दर आठवड्याच्या वाणसामानात दोन-तीन वस्तू जास्त घेतल्या तर खर्चाचा ताण पडत नाही. प्रत्येक पाकिटावर पेनानं महिना लिही. नवं मागे ठेवायचं, जुनं पुढे ओढायचं, आणि पुढचं वापरून संपवायचं. दिवाळीपर्यंत पूर आला नाही तर उत्तमच. तोवर सगळं खाऊन झालेलं असेल, वाया एक दाणा जाणार नाही.

वरच्या अंदाजात मी थोडी वाढ सुचवते. चौघांचं धरलं तिथे पाच-सहा जणांचं धर. अशा वेळी दारात कुणी ना कुणी येतंच. २०१९ ला कोल्हापूरच्या उंचावरच्या गल्ल्यांनी, तालमींनी, मंगल कार्यालयांनी बाहेरून मदत पोचण्याआधी शेकडो माणसांना जेवू घातलं. ते घराघरांतल्या डब्यांतूनच निघालं होतं.

कॅन नि पिंप मी इथे बघून ठेवते, तू तिकडून ओझं आणू नकोस. फक्त स्टीलचे मोठे डबे टेम्पोत वर ठेव, ते चेपतात. सिलिंडरचं हस्तांतर जावईबापूंना याच आठवड्यात करायला सांग, त्याला वेळ लागतो. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळ्या किती लांब आहेत ते घरमालकांना विचारून कळव, म्हणजे त्या मापानं डबे घेता येतील.

सासूबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, बाळाला गोड पापा.

तुझी,
मावशी