विणलेल्या कापडाचे विमान: कंपोझिट संशोधनातील करिअर

कार्बन किंवा काचेच्या तंतूंचे विणलेले कापड साच्यावर बसवायचे, त्यात रेझिन भरायचे आणि ते घट्ट होऊ द्यायचे. कापडी कंपोझिटचा भाग असा तयार होतो. बोइंग ७८७च्या ढाच्याच्या वजनात सुमारे ५० टक्के वाटा कंपोझिटचा आहे. पवनचक्कीची पातीही काचतंतूंच्या कापडावर उभी असतात.

खरा प्रश्न सपाट कापड गोलाईवर बसवण्याचा. धातूचा पत्रा दाबला की ताणला जातो. कार्बनचा तंतू मात्र तुटेपर्यंत जेमतेम दीड-दोन टक्केच लांबतो. म्हणून कापडाला साच्याचा आकार घ्यायला एकच मोठी वाट उरते: ताण्या-बाण्यातला काटकोन बदलणे. उरेब कापड अंगासरशी का बसते, हे शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. इथे तत्त्व तेच. पण कोन बदलता बदलता धागे एकमेकांना भिडतात आणि त्यापुढे कापडाला चुण्या पडू लागतात. रेझिनमध्ये कायमची अडकलेली चुणी त्या भागाची ताकद घटवते, विशेषतः दाब सोसण्याची. चुणी कुठे पडेल हे महागडा साचा घडवण्यापूर्वीच सांगणे, हे या संशोधनाचे काम.

त्यासाठी कापड बिजागरीच्या चौकटीत पकडून समोरासमोरच्या कोपऱ्यांतून ओढतात, किंवा उरेब कापलेली पट्टी ताणून पाहतात. मिळालेले आकडे संगणकीय प्रारूपात भरले जातात. चाचणी दिसायला सोपी, पण कापड पकडताना धागे जरा तिरके झाले तरी मापन बिघडते. अनेक देशांतील प्रयोगशाळांनी एकाच प्रकारची कापडे तपासून ताडून पाहिलेले निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध केले, ते याच अडचणीपायी. या विषयात हाताची शिस्त गणिताइतकीच मोलाची आहे.

बारावी विज्ञानानंतर टेक्स्टाइल, मेकॅनिकल किंवा एरोस्पेस अशा कोणत्याही शाखेतून इथे पोहोचता येते. महाराष्ट्रात टेक्स्टाइलचे शिक्षण मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये आणि इचलकरंजीच्या डीकेटीईमध्ये मिळते. टेक्स्टाइल म्हणजे बंद पडलेल्या गिरण्या, ही पालकांची धास्ती गिरणगाव पाहिलेल्या पिढीत समजण्यासारखी आहे; मात्र विणीची जाण असलेला अभियंता या क्षेत्राला हवाच असतो. त्याला पदार्थांची यामिकी शिकावी लागते, तर मेकॅनिकलवाल्याला वीण.

पुढे गेट ही प्रवेश परीक्षा, एमटेक आणि पीएचडी. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत कंपोझिटवर काम चालते. परदेशात नॉटिंगहॅम, लिऑन, ल्युव्हेन आणि ट्वेंटे येथील गट नावाजलेले आहेत. पदवीपासून पीएचडीपर्यंत दहाएक वर्षे सहज जातात. भारतात २०२३ पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे, त्यामुळे पीएचडीचा सगळा भार घरावर पडतोच असे नाही. घरी लवकर मिळकत हवी असेल, तर पदवीनंतर कंपोझिट उत्पादनातील नोकरी हा सरळ मार्ग आहे. कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्सचा मनापासून कंटाळा असेल, तर मात्र संशोधनाची ही वाट धरू नये.