पाटी हाती येण्यापूर्वी : वस्तीतील बालवाडीविषयी

आपल्या संस्थांचे वार्षिक अहवाल पाहिले तर शिक्षण या सदराखाली ठरलेल्या नोंदी दिसतात. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, वह्यावाटप, अभ्यासिका, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन. ही सर्व कामे मोलाचीच आहेत. परंतु तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वर्षभरात काय केले याची एखादी ओळ शोधू गेल्यास ती क्वचितच सापडते. आम्हीही याला अपवाद नव्हतो. विहाराच्या सभागृहात बालवाडी चालवावी हा विषय कार्यकारिणीपुढे प्रथम आला तेव्हा 'लेकरे खेळवायला संस्था कशाला हवी? घरात आज्या आहेत ना!' असा प्रश्न आमच्यापैकीच काहींनी विचारला होता. त्या दिवशी सभेत त्याचे नीट उत्तर देता आले नाही. सभासदांसाठी आणि विशेषतः अध्यापक पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी ते येथे थोडे सविस्तर देत आहोत.

घरात आजी असते हे खरे. पण आमच्या वस्तीतील आजी साठी उलटली तरी चार घरची धुणीभांडी करते. आई सकाळी कामावर जाते, बाप नाक्यावर उभा असतो. मग लेकराला सांभाळते कोण? थोरली बहीण. नऊ-दहा वर्षांची पोर, कडेवर दीड वर्षाचा भाऊ, हाताला धरलेली चार वर्षांची बहीण, असे चित्र वस्तीत दुपारी अकरा वाजता कोणत्याही गल्लीत पाहावे. या मुलीने शाळा सोडली असे कोणी म्हणत नाही. तिचे नाव हजेरीपटावर असते, ती फक्त गैरहजर असते. पुढे पाचवी-सहावीत केव्हातरी ते नाव गळते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. दहावीच्या सत्कारात मुलींची संख्या कमी का, याची चर्चा आपण दरवर्षी करतो. त्या चर्चेचे उत्तर या कडेवरच्या भावात आहे. बालवाडीचा पहिला लाभ बालवाडीत न बसणाऱ्या त्या थोरल्या मुलीला होतो, हे आमच्या सभासदांनी प्रथम समजून घ्यावे.

ही गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी ओळखली गेली होती. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मादाम मॉन्टेसरी यांच्या पद्धतीवर त्यांचा विश्वास होता, पण ती पद्धत सुखवस्तू घरांपुरती राहते आणि तिची साधने महाग पडतात, ही अडचण त्यांना दिसत होती. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात (२०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात येतो), ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांच्या सहकारी झाल्या. अनुताई बालविधवा होत्या. शिक्षण हेच जिचे दुसरे आयुष्य झाले अशा स्त्रीने हे काम हाती घेतले, याची नोंद आपल्या भगिनींनी घ्यावी.

बोर्डीत पहिला धडा शिक्षकांनाच मिळाला. बालवाडी उघडली म्हणून गरिबांची मुले येत नाहीत. घरचे बोलावून आणत नाहीत, अंगावर धड कपडा नसतो, रस्ता लांब असतो. तेव्हा मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, असे ठरले. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू झाले तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवून तिला विकासवाडी म्हटले गेले. धाकट्या भावंडाला घेऊन आलेल्या मुलीने त्याला पाळणाघरात ठेवावे आणि आपण वर्गात बसावे, अशी ही सोय होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर नेण्यात आली. मॉन्टेसरीच्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, माती, काड्या आल्या. एवढे सर्व ज्या राज्यात घडले तेथे आपण 'साधने नाहीत' म्हणून बालवाडी बंद ठेवतो.

कामकरी आईच्या लेकराचा प्रश्न हा दयेचा नसून हक्काचा आहे, ही शिकवण बाबासाहेबांची. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिविषयक विधेयकावर बोलताना त्यांनी प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे प्रतिपादन केले. त्याचा भार मुख्यतः सरकारने घ्यावा, पण ज्या मालकाला तिच्या श्रमाचा लाभ होतो त्याचीही त्यात जबाबदारी आहे, अशी त्यांची मांडणी होती. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात त्यांनी सुधारणा केली आणि खाणीवर काम करणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूदही पुढे नेली. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराचे कलम आले. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे ते लागू होऊ लागले. मात्र धुणीभांडी करणारी, नाक्यावरची, कचरा वेचणारी आई कोणत्याच कारखान्यात मोजली जात नव्हती. तिच्यासाठी वस्तीतच काहीतरी उभे राहणे भाग होते.

सरकारी पातळीवर २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आहार-आरोग्याचे शिक्षण आणि तीन ते सहा वयाच्या मुलांचे शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका अंगणवाडीतून द्यावयाच्या, अशी ही रचना. अंगणवाडी कोठे भरते हा प्रश्न आपल्या दृष्टीने कळीचा आहे. ती गावच्या मोठ्या आळीत असेल तर बौद्धवाड्यातील तीन वर्षांचे मूल तेथवर पोचत नाही, आणि पोचले तरी कोपऱ्यात बसते. दलित मदतनिसाने रांधलेला आहार मुलांना खाऊ द्यायचा नाही, असे म्हणणारी माणसेही आहेत. अशा बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात अंगणवाड्या वाढवताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम द्यावा असे सांगितले. सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळावी, असेही त्यात आहे. विहारातून हा आदेश वाचून दाखवण्यास कोणाची हरकत नसावी. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी मागणीचा अर्ज लिहून देण्याचे काम घ्यावे.

सेविका आणि मदतनीस यांना शासन पगार देत नाही, 'मानधन' देते. काम मात्र पूर्णवेळाचे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १९७२ चा उपदान कायदा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा, लागू असल्याचा निकाल दिला. संस्थेने बालवाडी चालवताना शिक्षिकेला 'समाजकार्य म्हणून थोडे घ्या' असे सांगण्यापूर्वी या निकालाची आठवण ठेवावी. आम्ही तसे सांगितले होते. पहिल्या ताई सात महिन्यांत सोडून गेल्या, आणि त्यांचे चुकले असे आम्हास वाटत नाही.

आता बालवाडीत काय शिकवावे याकडे वळू. येथे पालकांशी आमचा वाद नेहमीचा आहे. 'एबीसीडी कधी लिहायला घेता?' हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशीच येतो. त्यामागची ओढ आम्ही समजू शकतो. ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांना आपल्या लेकराच्या हाती अक्षर लवकर पडावे असे वाटणारच. परंतु तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडे अजून पूर्ण तयार झालेली नसतात. पेन्सिल मुठीत धरून तो रेघ ओढतो, हात दुखतो, बाई रागावते आणि शाळा म्हणजे दुखणे हे समीकरण पक्के होते. मणी ओवणे, चिंचोके निवडणे, पीठ मळणे, मातीचे गोळे करणे, कागद फाडून चिकटवणे या सर्वांतून तोच हात लेखनासाठी तयार होतो. चिंचोक्यांचे लहान-मोठे ढीग करणारे मूल गणिताचीच तयारी करीत असते. गोष्ट ऐकून 'मग काय झालं?' विचारणारे मूल वाचनाच्या वाटेवर असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनची तीन वर्षे औपचारिक आराखड्यात घेतली आणि खेळातून शिकण्यावरच भर दिला. पालकांना धोरण सांगून पटत नाही. आम्ही त्यांना एक दिवस वर्गात बसवतो, ते पटते.

धम्माच्या अभ्यासकांना येथे मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्ताची आठवण व्हावी. भगवान बुद्ध बाल राहुलाकडे जातात. राहुल आसन मांडतो, पाय धुण्यास पाणी ठेवतो. पाय धुऊन झाल्यावर भगवान भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवतात आणि ते दाखवून विचारतात. मग ते पाणी सांडतात, भांडे पालथे करतात, पुन्हा उलटे करून रिकामे दाखवतात. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याच्या अंगी श्रमणपण किती उरते हे मुलाला समोरच्या भांड्यावरून कळते. नंतर आरशाचे उदाहरण येते : आरसा पाहण्यासाठी, तसे कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहणे. प्रवचन मोठे नाही, वस्तू हाताशी आहे, प्रश्न विचारला जातो आणि मूल उत्तर देते. बालवाडीच्या ताईला यापेक्षा चांगला नमुना पाठ कोठे मिळणार? आमच्याकडे मात्र मुलांकडून पंचशील घोकून घेतले जात होते आणि चूक झाली की डोक्यात टपली बसत होती. पहिलेच शील कोणते, हे त्या टपलीच्या वेळी कोणाला आठवले नाही. आता वंदनेनंतर दोन मिनिटे डोळे मिटून 'आज कोणाशी मैत्री करायची' हे प्रत्येक मूल मनात ठरवते आणि मग मोठ्याने सांगते. एका मुलाने कुत्र्याचे नाव घेतले, तेही चालते.

दिवसाचा क्रम साधारण असा ठेवला आहे. आल्यावर हातपाय धुणे आणि नखे पाहणे, वंदना, मग गप्पा. 'काल काय झालं' यावरच्या गप्पा आम्हास सर्वांत मोलाच्या वाटतात, कारण कोणाच्या घरी काल चूल पेटली नाही हे तेथेच कळते. त्यानंतर हातकाम, अंगणातील खेळ, खाऊ, गोष्ट किंवा बडबडगीते. वीस मुलांमागे एक मोठे माणूस असावे. तीन वर्षांखालील असतील तर दहांमागे एक. याहून अधिक मुले घेतली की ताई शिकवत नाही, केवळ राखण करते.

खाऊ म्हणून बिस्किटांचा पुडा देणे सोपे, म्हणून आम्हीही तेच करीत होतो. आता मोड आलेली मटकी, शेंगदाणा-गुळाचा लाडू, उकडलेले अंडे, खिचडी असा फेर ठेवला आहे. दरमहा वजन घ्यावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा डावा दंड खांदा आणि कोपर यांच्या मधोमध मापाच्या पट्टीने मोजावा. ११.५ सेंटीमीटरहून कमी भरला तर कुपोषण तीव्र समजून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मध्यम. ही पट्टी वापरायला कोणीही तरुण कार्यकर्ता पाच मिनिटांत शिकतो. मूल हसतेखेळते असले म्हणून मोजमाप टाळू नये. आमच्या बालवाडीत सर्वांत दंगा करणाऱ्या मुलीचाच दंड १२ भरला होता.

आयांची बैठक पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर घेतो, कारण त्या दिवशी त्या एरवीही येतात. पहिल्या बैठकीला अध्यक्षांनी पाऊण तास भाषण केले आणि दुसऱ्या बैठकीला सात जणी आल्या. आता भाषण नसते. एखादी आई आपल्या गावाकडची गोष्ट सांगते, दुसरी चिंध्यांची बाहुली करून दाखवते, आणि लसीकरणाचे कार्ड तेवढ्यात तपासून होते. भीमजयंतीला मुलांना उन्हात मिरवणुकीत तासन्‌तास उभे करण्याची प्रथाही आयांनीच बंद पाडली. मुले सकाळी विहाराच्या अंगणातच आपली रांगोळी काढतात.

शेवटी वेळेबद्दल. आम्ही बालवाडी दहा ते एक ठेवली होती, कारण ती वेळ कार्यकारिणीला सोयीची होती. आया आठला घर सोडतात आणि दोनला परततात. परिणाम असा झाला की लेकराला दहाला आणून सोडणे आणि एकला नेणे या दोन्ही कामांसाठी तीच थोरली बहीण शाळेतून घरी राहू लागली. जिच्यासाठी बालवाडी काढली तिलाच तिने अडकवले. हे ध्यानात यायला आम्हाला दीड वर्ष लागले, आणि तेही शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा. आता बालवाडी पावणेआठला उघडते आणि सव्वादोनला बंद होते. दुपारी मुले सभागृहातच सतरंजीवर झोपतात. यासाठी सभागृहाची एक किल्ली ताईंकडे दिली आहे. लग्नाच्या तारखांना सभागृह भाड्याने देण्याचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. त्या दिवशी मुलांनी कोठे बसावे, याचा निर्णय येत्या वार्षिक सभेने करावयाचा आहे.