मुंबई कायदेमंडळातील डॉ. आंबेडकर : शेतसारा, वतन आणि ग्रामपंचायत

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की घटनेचे शिल्पकार हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्याआधी मुंबई कायदेमंडळाचे सभासद म्हणून त्यांनी शेतसारा, वतने व ग्रामपंचायती यांवर जी भाषणे केली, ती वाचणारे थोडे. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात ही भाषणे १९८२ साली छापली आहेत. आपल्या बेळगाव-निपाणी भागाला हा विषय परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि मुंबईच्या सभागृहात साऱ्याविषयी जे ठरे तेच आपल्या चावडीत वसूल होई. शिवाय कायदेमंडळात जाण्यापूर्वी, १९२५ साली, निपाणीस भरलेल्या मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष तेच होते.

१९२७ च्या फेब्रुवारीत सरकारनियुक्त सभासद म्हणून त्यांनी शपथ घेतली. अस्पृश्य वर्गाचे नियुक्त सभासद दोनच, दुसरे डॉ. पुरुषोत्तम सोळंकी. शपथेनंतर आठवडाभरात, २४ फेब्रुवारीस, अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्याला हात घातला. सारा हा कर की जमिनीचे भाडे, हा वाद त्या काळी विद्वानांत फार चाले. आंबेडकरांनी तो बाजूला सारला. नाव काहीही द्या, तो शेतकऱ्याच्या धंद्यातील नफ्यावरच बसतो. मग नफ्यावरच्या दुसऱ्या कराचे, म्हणजे प्राप्तिकराचे, नियम त्याला का नाहीत, असा त्यांचा प्रश्न होता.

हा मुद्दा नीट ध्यानी यावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन भाऊ आहेत. थोरला मुंबईत कारकून, वर्षाकाठी १२०० रुपये मिळवतो. धाकटा गावी चार एकर जिराईत कसतो. त्या वेळी २००० रुपयांखालील वार्षिक उत्पन्नावर प्राप्तिकर नव्हता, म्हणून थोरला एक पैही देत नाही. त्याची नोकरी सुटली तरी कराचा प्रश्न येत नाही, कारण उत्पन्नच नाही. धाकट्याचे तसे नाही. त्याच्या जमिनीचा आकार पाहणीच्या वेळी एकदा ठरला की साधारण तीस वर्षे तोच. जोंधळा पिको वा जळो, तलाठ्याच्या वहीत त्याच्या नावापुढे रक्कम पडलेलीच. आणेवारी फार खाली गेली तर तहकुबी मिळे, पण तो सरकारच्या मर्जीचा भाग; शेतकऱ्याचा हक्क नव्हे. आणखी असे की, चार एकरवाल्याला जो दर तोच चारशे एकरांच्या धन्याला. उत्पन्न वाढेल तसा चढत जाणारा कर शेतीवर नव्हता. गरीब पहिल्या रुपयापासून कर देई आणि मोठा जमीनदार चढत्या करातून सुटे. अन्याय असा दोन्ही टोकांना होता. बारडोलीचा सत्याग्रह याच्या पुढच्या वर्षीचा. तेथे सरकारने २२ टक्के सारावाढ केली होती. चौकशीअंती ती ६ टक्क्यांच्या आसपास न्याय्य ठरली. यावरून आकार ठरविण्याची पद्धत किती बिनचूक होती हे वाचकांनीच पाहावे!

त्याच अधिवेशनात १२ मार्चला शिक्षणावर बोलताना त्यांनी एक आकडा सांगितला : सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. त्यावर भाष्य करण्याची गरजच नाही.

ऑक्टोबर १९२७ मध्ये लहान धारण-क्षेत्रांचे विधेयक चर्चेस आले. जमिनीचे तुकडे पडतात म्हणून शेती तोट्यात जाते. तेव्हा ठराविक प्रमाणाखालचा तुकडा स्वतंत्र राहू द्यायचा नाही, अशी सरकारची योजना. वरवर हे पटण्यासारखे आहे. पण आंबेडकर या विषयाचे जाणते. १९१८ सालीच त्यांनी लहान शेतांवर अभ्यासपूर्ण निबंध लिहिला होता. त्यांचे म्हणणे असे की, शेत फायद्याचे की तोट्याचे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर भांडवल, जनावरे व श्रम किती लागतात यावर ठरते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. एकच बैल असणारा शेजाऱ्याशी पैरा करतो, तो याच कारणासाठी. बैल एक आणि जमीन दहा एकर दिली तर निम्मी पडच राहील. उलट कायद्याने तुकडा काढून घेतला तर त्याचा मालक मजूर बनेल, ही त्यांना खरी भीती होती. मालकी कायम ठेवून सहकाराने एकत्र कसावे, हा त्यांचा पर्याय. तो पर्याय आपल्याकडे फारसा रुजला नाही, हे कबूल केले पाहिजे. साखर कारखाने सहकारी झाले, शेत मात्र ज्याचे त्याचेच राहिले. तुकडेबंदीचा कायदा मुंबईत पुढे १९४७ साली झाला.

या सर्वांत ज्याची झळ प्रत्यक्ष माणसांना लागत होती तो प्रश्न वतनाचा. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदाराने साऱ्याचा भरणा तालुक्याला पोचवावा, दवंडी द्यावी, खातेदारांना चावडीवर बोलावून आणावे, साहेबांच्या सरबराईला राबावे. कामाला वेळ नाही, हद्द नाही. वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याला जुंपले जाई. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन, थोडी रोकड आणि गावाकडून मिळणारे बलुते. काम सरकारचे आणि पोट गावाच्या हाती, अशी ही रचना होती. या माणसांनी हक्काचा शब्द काढला की गाव बलुते बंद करी. म्हणून विधेयकात मागणी अशी की, बलुत्याचे रोख पट्टीत रूपांतर करून ती साऱ्याबरोबर सरकारनेच वसूल करावी; कामे कायद्याने ठरवून द्यावीत; आणि ज्याला नोकरी नको असेल त्याने पूर्ण सारा भरावा व जमीन मोकळी करून घ्यावी. पूर्ण कर भरण्याची तयारी दाखवून मुक्तता मागणारी अशी मागणी कायदेमंडळापुढे क्वचितच आली असेल. विधेयक निवड समितीकडे गेले आणि तेथून इतके बदलून आले की १९२९ च्या जुलैत त्यांनी ते मागे घेतले.

१९३२ च्या ऑक्टोबरात ग्रामपंचायत विधेयकावर ते बोलले. पुणे करारावर सही होऊन दोन आठवडेही लोटले नव्हते. खेडे म्हणजे एकजीव कुटुंब, या समजुतीवर त्यांचा विश्वास नव्हता. प्रौढ मताधिकार पुरेसा नाही, दलितांना राखीव जागा हव्यात. आणि न्यायदानाचे अधिकार तर पंचायतीला देऊच नयेत, असे त्यांनी सांगितले. जातीजातींनी विभागलेल्या गावात भाऊबंदांचेच खटले भाऊबंदांनी चालवायचे तर निःपक्षपात कोठून येणार? त्यांच्या या शंकेला त्या दिवशी समाधानकारक उत्तर मिळाले असे मला तरी वाटत नाही. कायदा १९३३ साली झाला. राखीव जागांची हमी घटनेत यायला १९९२ ची ७३ वी दुरुस्ती उजाडावी लागली.

१९३७ च्या निवडणुकीत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे बेळगाव जिल्ह्यातून बळवंत हणमंत वराळे निवडून आले. त्याच वर्षी बेळगावचे अण्णासाहेब लठ्ठे मुंबईचे अर्थमंत्री झाले. सरकारी बाकावर आणि विरोधी बाकावर असा आपला जिल्हा एकाच सभागृहात समोरासमोर बसला होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पण तो कोकणचा विषय, त्याचा विस्तार येथे करीत नाही.

वतनाचे पुढे काय झाले ते मात्र आपल्याशी निगडित आहे. १९५६ च्या पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका कोल्हापूरकडे, म्हणजे मुंबई राज्यात राहिला आणि निपाणी म्हैसूर राज्यात आली. मुंबई राज्याने कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द केली. म्हैसूरचा कायदा १९६१ चा, आणि तो १ फेब्रुवारी १९६३ रोजी अंमलात आला. ज्या दोन कुटुंबांचे आजोबा एकाच जिल्ह्याच्या कचेरीत साऱ्याची थैली पोचवीत होते, त्यांपैकी एकाची सुटका दुसऱ्याच्या काही वर्षे आधी झाली. चंदगडकडील सातबाऱ्यावर अशा जमिनी ‘वर्ग ६ ब’ म्हणून ओळखल्या जातात व विकण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आपल्याकडे उतारा कानडीत निघतो. आपल्या घरी अशी जमीन असेल त्यांनी तो जुन्या नोंदींसह एकदा काढून, जाणत्याकडून वाचून घ्यावा.