मशेरीची डबी आता घराबाहेर काढ

अगं, दिवस राहिलेत तुला, आनंदच आहे. पण सकाळची मळमळ बसावी म्हणून मशेरी लावते, असं बोलता बोलता म्हणालीस ना, त्यावर जरा बोलूया.

तारापूर एमआयडीसीत कुणाचा नवरा गांजा ओढतो म्हटलं की आपण नाकं मुरडतो. आणि मशेरी? तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची आणि पहिली पाळी गाठण्याआधी बोट हिरडीवरून फिरवायचं. सासू लावते, नणंद लावते, म्हणून ते व्यसन वाटतच नाही.

पण त्यातलं निकोटीन हिरडीतून रक्तात उतरतं. रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेतून बाळाला मिळणारं रक्त कमी होतं. मुंबईतल्या बाराशेहून जास्त गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. मशेरी-तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, दिवस भरायच्या आधी बाळंत होणाऱ्याही त्यांच्यात जास्त. १०५ ग्रॅमचं ते काय, म्हणशील. आपल्याकडे कितीतरी बाळं अडीच किलोच्या काठावरच जन्मतात गं. जव्हार-मोखाड्याचं कुपोषण तुला मी काय सांगू!

आणि कुणी म्हणेल, मशेरी सोड, भांगेची गोळी घे, उलट्या थांबतील. मुळीच ऐकू नकोस. गांजा-भांगेतलं नशेचं द्रव्य वार ओलांडून बाळापर्यंत जातं, चरबीत साठतं, अंगावरच्या दुधातही उतरतं. कॅनडात ओटावाला १९७८ पासून गांजा ओढणाऱ्या आयांच्या मुलांची वाढ वर्षानुवर्षं पाहिली. लक्ष टिकवणं, डोकं लावून काम आखणं यांत ती मागे पडताना दिसली. होळीच्या थंडाईलाही यंदा नाहीच म्हण.

आता सोडायची कशी? डबी घरात ठेवूच नकोस. उठल्या उठल्या भाकरीचा सुका तुकडा चावून खा, मग अंथरूण सोड. तल्लफ आली की बडीशेप तोंडात टाक आणि कामाला लाग, काही मिनिटांत ती ओसरते. सासूबाई तंबाखू भाजायला बसल्या की तिथून ऊठ, तो धूरही नको. मशेरीशिवाय पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांना सांग, गरोदरपणात चालणारी औषधं असतात. मळमळीवरही असतात. १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर तंबाखू सोडायला फुकट मदत मिळते.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. आशाताईंना घेऊन जा आणि मशेरी लावत होते हे तिथे सांग. कुणी रागावलं तरी लपवू नकोस. त्यांना कळलं तरच बाळाच्या वजनावर नीट लक्ष ठेवतील.

पाचवा लागला, आता सोडून काय उपयोग, असं मनात आणू नकोस. आज सोडलीस तरी उरलेल्या महिन्यांचा फायदा बाळाला मिळतोच. तेव्हा आजच सोड.