प्रतिपिंडाचा आकार आणि रक्तगटाचा प्रश्न



रक्तगटाचा पाठ सुरू असताना एखादं मूल हमखास विचारतं, "चुकीच्या गटाचं रक्त दिलं तर काय होतं?" आपण "रक्ताच्या गुठळ्या होतात" म्हणून पुढे जातो. पण जिवावर बेततं ते कशामुळे? याचं उत्तर प्रतिपिंडाच्या, म्हणजे अँटीबॉडीच्या, आकारात दडलेलं आहे.

आपल्या रक्तात पूरक प्रथिने असतात. एक जागं झालं की ते पुढच्याला जागं करतं आणि शेवटी पेशीच्या आवरणाला छिद्र पडतं. या साखळीची सुरुवात सी१क्यू हे प्रथिन करतं. ते सहा फुलांच्या गुच्छासारखं दिसतं. एकेक फूल प्रतिपिंडाच्या देठाला चिकटतं, पण ती पकड सैल असते. कळशी उचलायला एक बोट पुरत नाही, तसंच इथेही. एकापेक्षा जास्त फुलं जवळजवळच्या देठांना लागली, तरच साखळी सुरू होते.

आता दोन प्रतिपिंडे पाहू.

आयजीजी : इंग्रजी वाय अक्षरासारखा, देठ एकच. म्हणून अनेक आयजीजी पेशीवर शेजारी शेजारी बसावे लागतात.

आयजीएम : असे पाच वाय एकत्र जोडलेले. मोकळा असताना तो चपट्या चांदणीसारखा असतो, आणि सी१क्यूची जागा झाकलेली राहते. पेशीवर बसताना मात्र त्याचे हात खाली वाकतात, जागा उघडी पडते. मग एकच आयजीएम साखळी सुरू करू शकतो.

ए गटाच्या माणसाच्या रक्तात बी विरुद्धची प्रतिपिंडे असतात, आणि ती मुख्यतः आयजीएम असतात. त्याला बी गटाचं रक्त दिलं तर तांबड्या पेशी रक्तवाहिनीतच फुटतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो.

आरएच घटकाविरुद्धची प्रतिपिंडे मात्र बहुतेक आयजीजी असतात. पेशीवर आरएचचे प्रतिजन विरळ असल्यामुळे देठ जवळ येत नाहीत आणि साखळी सहसा सुरू होत नाही. पण म्हणून ती निरुपद्रवी नाहीत. अशा पेशी प्लीहेत नष्ट केल्या जातात. शिवाय आयजीजी वार ओलांडून बाळापर्यंत पोचतो, आयजीएम पोचत नाही. म्हणूनच आरएच निगेटिव्ह आईला अँटी-डी इंजेक्शन देतात.

तेव्हा पुढच्या वेळी फळ्यावर एक वाय काढून थांबू नका. शेजारी पाच वायची चांदणीही काढा, आणि मुलांनाच विचारा : "यातला कोण एकटा पुरेल? का?"